काखेत कळसा आणि गावाला वळसा

वाचकहो, अंतर मोजण्यासाठी आपल्या पूर्वजांपाशी काठी होती, साखळी होती, कोसाकोसावरचे दगड होते. आणि या सर्वांहून जुने असे आणखी एक साधन होते, ते म्हणजे माणसाचा आवाज. ‘त्यांचे घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे,’ असे आपण आजही म्हणतो. या शब्दप्रयोगात किती हात किंवा किती फूट याचा हिशेब नाही. हाक मारली असता जो ऐकतो आणि ऐकून धावत येऊ शकतो तो जवळचा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु वस्ती वाढली, गावांची शहरे झाली, भिंतीपलीकडे कोण राहतो हेही ठाऊक नसावे असे दिवस आले, आणि ‘जवळ काय आहे?’ हा प्रश्न आपण शेजाऱ्याला न विचारता खिशातील यंत्राला विचारू लागलो. यंत्र क्षणार्धात उत्तर देते. ते उत्तर कोठून येते आणि ते कसे चुकू शकते, याविषयी या खेपेस आपल्याशी बोलावे असे मनात आहे. विषय यंत्राचा असला तरी तो संसाराबाहेरचा नाही, हे पुढील हकिकतीवरून आपल्या ध्यानात येईल.

गेल्या पावसाळ्यात काही दिवस मी माझ्या भाच्याकडे राहावयास गेले होते. तो बोम्मसंद्रा येथील एका कारखान्यात नोकरीस आहे आणि अत्तिबेले गावाच्या कडेला राहतो. हा सारा मुलूख बंगळूर शहर जिल्ह्यातील आनेकल तालुक्याचा. तालुक्याचे मुख्य गाव आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेस सुमारे पस्तीस किलोमीटरांवर आहे. कन्नड भाषेत ‘आनेकल्लु’ म्हणजे आभाळातून पडणारी गार. पश्चिमेस बन्नेरघट्ट्याचे हत्तींचे अरण्य, पूर्वेस तामिळनाडूची सीमा, आणि मधल्या पट्ट्यात कोठे कारखाने तर कोठे फुलांचे मळे, असा हा प्रदेश आहे. मराठी माणसाला ही भूमी अगदीच परकी म्हणता येणार नाही. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास शेजारच्या मळ्यात काम करणाऱ्या बाईंची आठ-नऊ वर्षांची मुलगी रडत आली. गवतातून येताना तिच्या पायाला काहीतरी चावले होते. घोट्याशी दोन बारीक खुणा दिसत होत्या. साप मात्र कोणी पाहिला नव्हता. माझ्या भाचेसुनेने मुलीला आडवे निजवले, पाय हलू नये म्हणून त्याला लहानशी फळी लावून सैलसर पट्टी बांधली, आणि कोणी ब्लेड घेऊन पुढे आले होते त्यांना ठामपणे मागे सारले. तिचे करणे योग्यच होते. दंशाच्या जागी कापणे, विष चोखून काढू पाहणे किंवा दोरी आवळून बांधणे यांनी अपायच होतो. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रोग्याला, जेथे सर्पविषावरील लस आहे अशा रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोचविणे, हाच खरा उपाय होय.

आता प्रश्न उरला तो एकच : असे रुग्णालय जवळात जवळ कोठे? भाच्याने तालुक्यातील दवाखान्यांची एक यादी फोनमध्ये जपून ठेवली होती. ती पिन कोडाच्या क्रमाने लावलेली होती, आणि तीत अत्तिबेले गावालगत आनेकलचे नाव होते. तो आनेकलच्या रस्त्याने गाडी काढणार इतक्यात शेजारच्या अज्जी पुढे झाल्या. त्यांचा मुलगा रोज पहाटे होसूरच्या बाजारात फुले घेऊन जातो. ‘होसूर जवळ आहे, रस्ता सरळ आहे, तिकडेच जा,’ असे त्यांनी आपल्या कन्नडात बजावले. मुलीला होसूरला नेले. डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. विषबाधेचे कोणतेही लक्षण दिसले नाही, आणि सकाळी ती आईचे बोट धरून घरी आली.

सारे निभावले खरे. परंतु भाच्याच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. तो म्हणाला, “मावशी, होसूर आठ किलोमीटर, आनेकल अकरा-बारा. आणि माझ्या यादीत होसूरचे नावच नाही! विष भिनत असते तर ही तीन-चार किलोमीटरे किती महाग पडली असती?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोघे जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम पिन कोडाचीच गोष्ट घेऊ. कारण ती आपल्या अभिमानाची आहे. पत्त्याखाली घालावयाचा हा सहा अंकी क्रमांक आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याच्या कारभारातील वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतात काव्ये व नाटके लिहिणारे पंडितही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, लागता न लागणारी अक्षरे, या साऱ्यांतून पत्र बिनचूक जावे म्हणून स्थळाला अंकांत बांधण्याची ही युक्ती होती. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून पत्रांच्या छाटणीचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन अंक टपाल कचेरी दाखवितात. महाराष्ट्राचा व गोव्याचा पहिला अंक ४, कर्नाटकाचा ५, तामिळनाडूचा ६. यावरून असे वाटणे साहजिक आहे की, डावीकडून जितके अधिक अंक जुळतील तितकी ती दोन गावे परस्परांच्या जवळ असावीत. पुष्कळदा तसे असतेही.

परंतु ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. आनेकलचा पिन कोड ५६२१०६, अत्तिबेले गावाचा ५६२१०७. येथे सर्व ठीक आहे. पण ५६२११० हा क्रमांक देवनहळ्ळीचा. अत्तिबेले बंगळूरच्या दक्षिणेस तर देवनहळ्ळी उत्तरेस, मध्ये सबंध महानगर पसरलेले. अंकांत अंतर केवळ तीनचे आणि भूमीवर पन्नास किलोमीटरांहून अधिक! याउलट होसूरचा पिन कोड ६३५१०९. सीमेपलीकडचे राज्य वेगळे, म्हणून पहिलाच अंक वेगळा. अंकांच्या दृष्टीने होसूर जणू परमुलखात आहे, आणि प्रत्यक्षात अज्जींचा मुलगा तेथे रोज सकाळी जाऊन येतो. हा दोष वेलणकरांच्या योजनेचा मुळीच नाही. ती पत्रे छाटण्यासाठी केली होती, शेजार मोजण्यासाठी नव्हे. एका कामासाठी केलेले माप दुसऱ्या कामाला लावले, ही चूक आमची.

तेव्हा भाच्याने ठरविले की, आपली नोंदवही आपणच करावयाची, आणि तीत राज्य, जिल्हा, पिन कोड यांपैकी कशाचीही कुंपणे ठेवावयाची नाहीत. अशा नोंदी संगणकात ठेवण्याची जी एक पद्धत आहे, तिला डॉक्युमेंट डेटाबेस असे म्हणतात. नाव जड असले तरी कल्पना साधी आहे. जुन्या ग्रंथालयातील कार्डांचे लाकडी कपाट आठवा. प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र कार्ड. एका कार्डावर जे रकाने आहेत तेच दुसऱ्यावर असले पाहिजेत, असे बंधन नाही. रुग्णालयाच्या कार्डावर खाटांची संख्या लिहावी, औषधांच्या दुकानाच्या कार्डावर उघडण्याची वेळ लिहावी, सुईणीच्या कार्डावर तिला येणाऱ्या भाषा लिहाव्यात. एक गोष्ट मात्र सर्व कार्डांवर हवी, ती म्हणजे त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश. मोंगोडीबी या नावाची अशा प्रकारची एक प्रसिद्ध प्रणाली २००९ साली लोकांपुढे आली, आणि ‘या बिंदूच्या जवळची कार्डे काढून दे’ असा प्रश्न तिला २०१० सालापासून विचारता येऊ लागला.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. भाबडा मार्ग असा की, कपाटातील एकेक कार्ड काढावे, त्या जागेचे आपल्यापासूनचे अंतर मोजावे, आणि सर्व कार्डे संपली म्हणजे सर्वांत कमी अंतराचे कार्ड निवडावे. शंभर कार्डे असतील तर हे चालेल. परंतु दहा लाख कार्डे असतील, आणि क्षणोक्षणी शेकडो लोक तोच प्रश्न विचारत असतील, तर? दोन घरांपलीकडचा दवाखाना शोधण्यासाठी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रत्येक दवाखाना तपासावयाचा, याला आपल्या भाषेत फार चांगली म्हण आहे : काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आपण म्हणाल, कार्डे क्रमाने लावून ठेवली की झाले. शब्दकोशात शब्द शोधावयास आपण सारा कोश थोडाच वाचतो? खरे आहे. परंतु शब्दकोशाला एकच दिशा असते. भूमीला दोन आहेत. कार्डे अक्षांशाच्या क्रमाने लावली असे समजा. आनेकलचा अक्षांश सुमारे १२.७ अंश. तामिळनाडूतील चेंगलपट्टूचाही जवळजवळ तोच. म्हणजे कपाटात आनेकलच्या कार्डाला खेटून चेंगलपट्टूचे कार्ड येईल, आणि ते गाव तर अडीचशे किलोमीटरांवर पूर्वेस आहे! रेखांशाच्या क्रमाने लावली तर हाच घोटाळा उत्तर-दक्षिण होईल.

यावर गणितज्ञांनी जी तोड काढली ती समजावून घेण्यास आपल्या दारातील ठिपक्यांची रांगोळी पुरेशी आहे. आनेकलच्या बाजूस सकाळी फिरावयास निघाले की घरोघर सडा घालून अशा रांगोळ्या काढलेल्या दिसतात. अंगणाचा चौकोन घ्या. त्याचे चार समान चौकोन करा. त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. पुन्हा त्यांचे चार. असे केवळ दहा वेळा केले की एका अंगणाचे १०,४८,५७६ चौकोन होतात. आता प्रत्येक चौकोनात एक ठिपका द्या आणि बोट न उचलता सर्व ठिपक्यांतून जाणारी एकच रेघ अशा रीतीने ओढा की, एक मोठा चौकोन पुरता संपविल्याखेरीज ती दुसऱ्यात शिरणार नाही. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९१ साली अशी एक रेघ दाखवून दिली. त्या रेघेवर ठिपके ज्या क्रमाने येतात तो त्यांचा क्रमांक. झाले! दोन दिशांची भूमी एका दिशेच्या सूचीत उतरली, आणि जे ठिपके रेघेवर लगतचे ते अंगणातही लगतचे, याची खात्री झाली. मोंगोडीबीसारख्या प्रणाली पृथ्वीच्या गोलाचे मनाने सहा चौकोन करतात, आणि प्रत्येकाची चौथाई तीस वेळा करीत जातात. शेवटचा चौकोन नखाएवढा, म्हणजे जवळजवळ एक सेंटीमीटर बाजूचा उरतो. आपल्या टपाल खात्याने २०२५ साली प्रसृत केलेल्या डिजिपिन योजनेतही हेच तत्त्व आहे. तेथे देशाच्या चौकोनाचे एकेका पायरीस सोळा भाग करतात, आणि दहा अक्षरांत सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनापर्यंत पोचतात.

तथापि रांगोळीतही पिन कोडाची ती सीमारेषेची अडचण एका रूपाने राहतेच. रेघेवर लगतचे ठिपके अंगणात लगतचे असतात हे खरे. परंतु अंगणात लगतचे असलेले सर्वच ठिपके रेघेवर लगतचे नसतात. मधल्या मोठ्या रेषेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन ठिपके बोटभर अंतरावर असूनही त्यांचे क्रमांक फार दूरचे असू शकतात. अगदी अत्तिबेले आणि होसूर यांच्यासारखे. म्हणून शहाणी प्रणाली केवळ आपल्याच चौकोनात पाहून थांबत नाही. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळे पसरत जातात, तसा तिचा शोध पसरतो. प्रथम प्रश्नबिंदूभोवतीच्या लहान वर्तुळाला जे जे चौकोन स्पर्श करतात ते सर्व ती तपासते, मग ते रेषेच्या कोणत्याही बाजूस असोत. तेथे पुरेशी कार्डे मिळाली नाहीत तर त्याभोवतीचे कडे घेते, मग त्याभोवतीचे. अशा रीतीने दहा लाख कार्डांपैकी काही थोडी हाताळूनच जवळचे कार्ड हाती येते. अज्जींनी नेमके हेच केले होते. त्यांच्या मनातील नकाशावर राज्याची सीमा नव्हतीच. घराभोवतीची वर्तुळे होती.

भाच्याने चार रविवार खपून कार्डे तयार केली, आणि एका रात्री जेवणे झाल्यावर मोठ्या उत्सुकतेने पहिला प्रश्न विचारला : आनेकलपासून वीस किलोमीटरांच्या आत कोणती रुग्णालये आहेत? उत्तर आले : एकही नाही. त्याने पन्नास किलोमीटर केले. तरीही एकही नाही! भाचेसून हसू लागली. त्याचा चेहरा मात्र उतरला. तासाभराने चूक सापडली, ती अशी. भूगोलाच्या पुस्तकात आपण आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो. त्याच सवयीने त्याने प्रश्नात १२.७ आधी आणि ७७.७ नंतर लिहिले होते. या प्रणालीचा दंडक उलटा आहे. तेथे रेखांश आधी द्यावा लागतो, कारण आलेखावर आपण आडवे माप आधी आणि उभे मागून घेतो. परिणामी यंत्राने आनेकलच्या ऐवजी ७७.७ उत्तर अक्षांश आणि १२.७ पूर्व रेखांश या बिंदूभोवती शोध केला. हा बिंदू उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिमेस, थंडगार समुद्रात आहे. तेथे रुग्णालय कोठून असणार?

वाचकहो, या चुकीत हसण्याइतकेच विचार करण्यासारखेही आहे. यंत्राने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रश्नात काहीच वावगे नव्हते. गुवाहाटीविषयी विचारताना हीच अदलाबदल झाली असती तर यंत्राने लागलीच हटकले असते. गुवाहाटीचा रेखांश ९० अंशांहून अधिक आहे, आणि ९० अंशांपलीकडे अक्षांशच नसतो. आनेकलच्या, मुंबईच्या किंवा नागपूरच्या बाबतीत मात्र चूक मुकाट्याने खपून जाते. म्हणून यंत्र जेव्हा ‘काही नाही’ असे सांगते, तेव्हा खरोखरच काही नाही की आपणच चुकीच्या जागी उभे राहून विचारले, हे पाहिल्याखेरीज त्या उत्तरावर विसंबू नये. नव्या नोंदवहीला प्रथम असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. समोरचा दवाखाना तिने दाखविला तर पुढचे विचारावे.

त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट कळली. अक्षांशाचा एक अंश कोठेही घ्या, तो सुमारे १११ किलोमीटरांचा भरतो. परंतु रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जावे तसा आखडत जातो. विषुववृत्तावर तोही १११ किलोमीटर, आनेकलला सुमारे १०९, श्रीनगरला सुमारे ९२, आणि त्या उत्तरेकडील समुद्रात जेमतेम २४. संत्र्याच्या फोडी मध्ये रुंद आणि देठाशी अरुंद असतात, तसाच हा प्रकार. म्हणून पृथ्वी म्हणजे सपाट पाट समजून अंतरे काढली तर ती चुकतात; ती गोल धरूनच काढावी लागतात. मोंगोडीबीत गोल पृथ्वीला धरून केलेली सूची २०१३ साली आली.

एवढे झाल्यावर नोंदवही ठाकठीक चालू लागली. होसूरचे कार्ड आपल्या जागी आले. पण भाचेसुनेने एक शंका काढली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणाली, “हे अंतर पाखराचे झाले. माणसाने रस्त्याने जावयाचे आहे ना?” आनेकलच्या पश्चिमेकडील अरण्यापलीकडचे एखादे खेडे नकाशावर बोटभर अंतरावर दिसते, परंतु तेथे जाणारा रस्ता अरण्याच्या कडेने वळसा घेऊन जातो. कोकणातील वाचकांना तर हे सांगावयास नकोच. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडचे धोपावे समोर दिसते. फेरीबोट चालू असेल तर ते गाव काही मिनिटांवर. बोट बंद झाली की चिपळूणच्या बाजूने लांबचा वळसा.

ही शंका नवी नाही, याचा एक जुना आणि थोर दाखला आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घराघरांतील मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण स्नोंनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या नकाशात आणखी एक रेघ काढली, ती फारशी कोणी सांगत नाही. ज्या ज्या ठिकाणापासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा एखादा पंप सारख्याच अंतरावर होता, ती ठिकाणे त्यांनी त्या रेघेने जोडली. आणि हे अंतर त्यांनी सरळ मोजले नाही, रस्त्याने चालत जाण्याचे म्हणून मोजले. बायकामुले कळशी घेऊन ज्या वाटेने पाण्याला जातात ती वाट, तेच खरे अंतर. साथ त्या रेघेच्या आत भरली होती आणि बाहेर ओसरली होती.

म्हणून आमच्या नोंदवहीचे काम आम्ही दोन टप्प्यांत केले. यंत्राने सरळ रेषेने जवळची काही कार्डे काढावीत, आणि मग त्या मोजक्या कार्डांपुरते रस्त्याचे अंतर व लागणारा वेळ पाहावा. सर्व जगाचे रस्ते मोजणे नको, आणि पाखराच्या अंतरावर भिस्तही नको.

शेवटची अडचण याहून सूक्ष्म होती. सर्पदंशासाठी केवळ रुग्णालय पुरत नाही. तेथे लस हवी, आणि रात्री दार उघडे हवे. भाच्याने प्रथम यंत्राला जवळची दहा कार्डे मागितली आणि मग त्यांत लस कोणाकडे आहे ते पाहिले. दहांपैकी एकातही नव्हती! अकरावे कार्ड होते, पण तेथवर यंत्र गेलेच नाही, कारण आम्ही दहावर थांब म्हणून सांगितले होते. प्रश्न उलट फिरविल्यावर उत्तर मिळाले : ज्यांच्याकडे लस आहे आणि जी रात्री उघडी असतात, केवळ अशांपैकी जवळची कार्डे दे. आधी अट, मग अंतर. मुलीसाठी स्थळ पाहताना, डाळ-तांदूळ घेताना किंवा मुलांसाठी शाळा निवडताना आपण हाच क्रम पाळतो. यंत्रालाही तोच सांगावा लागतो.

आणि कार्डावरील मजकूर खरा नसेल तर ही सर्व विद्या व्यर्थ आहे. गेल्या वर्षी असलेली लस या महिन्यात संपलेली असू शकते. म्हणून आमच्या प्रत्येक कार्डावर ‘केव्हा विचारून घेतले’ ती तारीख आहे, आणि महिन्यातून एकदा भाचेसून दूरध्वनी करून ती नवी करते. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंश हा कळविणे बंधनकारक असलेला आजार ठरविला, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. सरकारने आपले काम करावेच; पण आपल्या घराभोवतीचे वर्तुळ आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी संगणक असो वा नसो, एक काम या आठवड्यात अवश्य करा. एक कागद घ्या आणि मध्यभागी आपले घर काढा. भोवती रात्री उघडे असणारे रुग्णालय, जेथे सर्पविषावरील लस आहे ते ठिकाण, औषधांचे दुकान आणि गाडी देऊ शकेल असा शेजारी यांची नावे रस्त्याच्या अंतरासह व दूरध्वनीसह लिहा. तालुक्याची, जिल्ह्याची किंवा राज्याची सीमा जवळ असेल तर तिच्या पलीकडे पाहावयास विसरू नका. सावंतवाडी, बेळगाव, निपाणी, सोलापूर, देगलूर येथील वाचकांनी तर मुद्दाम पाहावे. एकदा त्या वाटेने दिवसाढवळ्या जाऊन या. संकटकाळचा ११२ हा क्रमांक कागदाच्या डोक्यावर ठळक लिहा, आणि तो कागद कपाटात न ठेवता दाराजवळ लावा.

आमच्या भाच्याकडे असा कागद आता दाराशी आहे. यंत्रातील नोंदवहीही आहे, आणि ती चांगली चालते. त्या कागदावरील पहिले नाव मात्र रुग्णालयाचे नाही. तेथे भाचेसुनेने शेजारच्या अज्जींचे नाव आणि त्यांच्या मुलाचा दूरध्वनी लिहिला आहे. अंतर लिहिण्याच्या रकान्यात तिने आकडा घातलेला नाही. तेथे एवढेच लिहिले आहे : हाकेवर.